रूटचा चार्ज

गुरुवारी सकाळी सव्वानऊला अरुंधतीने कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला मनातल्या मनात येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या, आणि त्या संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

तिचं काही चुकत नव्हतं. दुपारी चार वाजता परीक्षा मंडळाचा माणूस तिचा क्लास तपासायला येणार होता, आणि ज्या यंत्रावर त्याला काम करून दाखवायचं, ते यंत्र तिला तिच्याच घरात मालकीण मानायला तयार नव्हतं.

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत सोळा वर्षं तिने टायपिंगचा क्लास चालवला होता. बारा मशिनं एकदम खडखडायची तेव्हा शेजारी रेडिओ मोठा करून ठेवत. मिलमध्ये, कचेऱ्यांत, बँकांत टायपिस्ट लागत, तोवर बरं होतं. मग एकेक मिल बंद पडली, मग ते उदारीकरण की काय ते आलं, पलासियात काचेची ऑफिसं झाली आणि तिथे मुलाखतीला गेलेली मुलं परत येऊन विचारू लागली, "दीदी, कॉम्प्युटर कब लाओगे?" दोन हजार दोन साल उजाडलं तेव्हा खोलीत मशिनं बारा आणि विद्यार्थी तीन अशी स्थिती होती. शेवटी जुनी इंदूर मोहल्ल्यातला एक भंगारवाला हातगाडीवर घालून सगळी मशिनं घेऊन गेला, आणि त्या जागी तीन जुने कॉम्प्युटर आले. मंडळाने परीक्षा केंद्र म्हणून मान्यता दिली तर जूनच्या बॅचसाठी सत्तावीस मुलांनी नावं सांगून ठेवली होती. नाही दिली तर ती सत्तावीस मुलं पलासियातल्या क्लासला जाणार आणि अरुंधती सदतिसाव्या वर्षी खोलीला कुलूप लावून नोकरी शोधणार. एवढा साधा मामला होता.

मंडळाची एक अट अशी की चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही. विकतचं परवडत नव्हतं. तेव्हा तिचा भाऊ देवेंद्र, जो पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता, फोनवर म्हणाला, "ताई, तू टेन्शनच घेऊ नको. लिनक्स टाकू. फुकट आहे, कायदेशीर आहे, सगळ्या जगाला उघडं आहे." शनिवारी तो आला, रविवारी एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्याने तिन्ही यंत्रांत ते टाकलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. सीडीही घेऊन गेला.

उघडं आहे म्हणे!

या सिस्टीममध्ये दोन तऱ्हेचे लोक असतात. एक साधे, म्हणजे क्लासची मुलं. त्यांनी यावं, लिहावं, जावं. दुसरा मालक. त्याला रूट म्हणतात. नवं खातं उघडायचं, प्रिंटर जोडायचा, काहीही बदलायचं तर ते रूटने. चार दिवस अरुंधती साध्या खात्यातून मजेत काम करत होती. गुरुवारी सकाळी पोहे खाता खाता तिने मंडळाचं पत्र सहज उलटलं आणि मागच्या बाजूलाही मजकूर आहे हे तिला पहिल्यांदा दिसलं. "केंद्र चालक को स्वयं दस परीक्षार्थियों के खाते खोलकर दिखाने होंगे तथा एक पृष्ठ छापकर दिखाना होगा." कागद दोन्ही बाजूंनी वाचावा हे तिने सोळा वर्षं मुलांना शिकवलं होतं. ते आठवून तिचा पारा आणखी चढला.

देवेंद्रने जाताना एका कागदावर सगळ्या सूचना लिहून ठेवल्या होत्या, सुवाच्य अक्षरात. शेवटची ओळ होती: "रूटचा पासवर्ड – नानांना विचार."

नाना म्हणजे त्यांचे वडील, नानासाहेब पागनीस, वय अडुसष्ट. मिलच्या स्टोअरचे एकतीस वर्षं स्टोअरकीपर. ब्याण्णव साली मिल बंद पडली तेव्हापासून ते क्लासच्या खोलीतच खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, पेपर वाचत आणि कोण किती वाजता आलं याकडे लक्ष ठेवत. रविवारी यंत्राने पासवर्ड मागितला तेव्हा देवेंद्र थट्टेत म्हणाला होता, "नाना, हा तुम्ही टाका. किल्ली सांभाळणारा तुमच्यासारखा इंदूरमध्ये कोण आहे?" नानांना ती थट्टा वाटली नाही. त्यांनी चष्मा पुसला, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, आणि एका बोटाने, सावकाश, तिन्ही यंत्रांत पासवर्ड टाकला. मग विचारलं, "ह्याच्यात शिरायला दुसरी वाट आहे का?" देवेंद्र खरं बोलून गेला. यंत्र सुरू होतानाच अडवलं तर मागच्या दाराने शिरता येतं. "तो मग त्याला पण कुलूप लाव," नाना म्हणाले (इंदुरी मराठीत 'तर'चा 'तो' होतो), आणि तेही त्यांनीच लावलं.

अरुंधती खुर्ची फिरवून म्हणाली, "नाना, तो पासवर्ड सांगा जरा."

नानांनी पेपर खाली केला. "कोणता?"

"रविवारी टाकला तो. रूटचा."

"कशाला पाहिजे?"

तिने कारण सांगितलं. पत्राची मागची बाजू वाचून दाखवली. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "बरोबर आहे. तुला लागेल. तो चार्ज घे."

"कसला चार्ज?"

"किल्ली तोंडी देत नसतात, अरु. सामानाची लिस्ट बनव. देणारा, घेणारा, दोन साक्षीदार. मी देतो."

अरुंधतीला आधी हसू आलं. मग नानांनी पेपर पुन्हा वर केला, आणि हे हसण्यावारी नेण्याचं काम नाही हे तिच्या लक्षात आलं.

"नाना, माझ्याजवळ टाईम नाही आहे. चार वाजता तो माणूस येऊन राहिलाय."

"आत्ता सव्वानऊ झालेत. पुष्कळ टाईम आहे."

"मी तुमची मुलगी आहे!"

"घरात आहेस," पेपरामागून आवाज आला. "स्टोअरमध्ये मुलगी नसते. देणारा असतो नी घेणारा असतो."

आता या माणसापुढे कोणी काय बोलावं? ती तरातरा उठली आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन अंदाजाने पासवर्ड टाकायला लागली. आईचं नाव टाकलं. मिलचं नाव टाकलं. देवेंद्रच्या मुलीचं, शिवांगीचं नाव टाकलं, सगळ्यांच्या जन्मतारखा टाकल्या, घराचा नंबर टाकला, नानांच्या मोडक्या स्कूटरचा नंबर टाकला. टाकताना पडद्यावर काही उमटतही नव्हतं, ठिपके नाहीत की फुल्या नाहीत. प्रत्येक वेळी यंत्र दोन क्षण थांबे, विचार केल्याचं सोंग करी आणि नाही म्हणे. अकरा वाजेपर्यंत तिने त्रेपन्न शब्द टाकले. खिडकीतल्या खुर्चीतून एकदाच आवाज आला, "फालतूमध्ये बटनं झिजवून राहिली."

तिने पुण्याला फोन लावला.

"ताई, मीटिंगमध्ये आहे," देवेंद्र कुजबुजला.

"खड्ड्यात गेली तुझी मीटिंग. नाना पासवर्ड देत नाहीयेत. ते मागचं दार कसं उघडायचं सांग."

"अगं, त्यालाही नानांनी लावलंय ना कुलूप. आपल्याला बाहेर काढून लावलं."

"मग नवीन टाकते सगळं."

"सीडी माझ्याजवळ आहे. पलासियात कोणाकडे मिळाली तरी तीन मशिनांना दिवस जाईल तुझा. नानांना विचार ना ताई, सिंपल आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्यांना म्हणावं, सुट्टी आहे, आता तरी इकडे या. शिवांगी विचारते, आजोबा फोनमध्येच राहतात का म्हणून."

"त्यांचा गुडघा दुखतो," अरुंधती तुटकपणे म्हणाली, कारण गेली दहा वर्षं याचं हेच उत्तर होतं. देवेंद्रच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा नानांचा गुडघा दुखत होता. शिवांगीच्या बारशाला दुखत होता. उज्जैनला चुलतभावाकडे मुक्कामाचं लग्न निघालं तेव्हाही दुखला. तोच गुडघा रोज सकाळी भाजी आणायला बाजारापर्यंत आणि परत बिनतक्रार चालत जाई, पण त्याबद्दल बोलायची घरात पद्धत नव्हती.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. तिची आई, मंगला, कैरीची डाळ वाटत होती.

"आई, तू सांग ना त्यांना. माझा क्लास बुडेल आज, आणि हे चार्ज घे म्हणतायत. दहा बाय बाराच्या खोलीचा चार्ज!"

मंगलाबाईंनी हात थांबवले नाहीत. "मी चाळीस वर्षांत त्यांना तोंडी किल्ली मागितली नाही. कागद पुढे करावा, किल्ली मिळते."

"पण का?"

"का ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर साली, मिलला सुट्टी असताना, दुपारी एक निरोप्या घरी आला होता. असिस्टंट मॅनेजर साहेबांनी स्टोअरची किल्ली मागितली आहे. नानांनी जेवणावरून उठून किल्ली दिली. सोमवारी स्टोअरमधलं पितळी सामान गायब होतं, आणि साहेब म्हणाले, मी किल्ली मागितलीच नव्हती. अकरा महिने चौकशी चालली. नाना निर्दोष सुटले, पण त्या अकरा महिन्यांत कॉलनीतल्या गणपतीला वर्गणी मागायलासुद्धा कोणी त्यांच्या दारी आलं नव्हतं. अरुंधती तेव्हा आठवीत होती. तिला सगळं आठवत होतं, आणि आठवूनही आत्ता या क्षणी तिला नानांचा इतका राग येत होता की डोळ्यांत पाणी आलं.

"करते लिस्ट," ती म्हणाली. "एकदाची करते."

रागाच्या भरात तिने ती यादी कॉम्प्युटरवरच टाइप केली, सुबक, रकाने पाडून. आणि छापायला गेल्यावर तिला आठवलं की प्रिंटर जोडलेला नाही, आणि तो जोडायला रूट लागतो. तिने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी टायपिंगच्या दिवसांतला उरलेला कार्बन शोधला, दोन कागदांच्या मध्ये घातला आणि पेनाने दाबून दाबून लिहायला बसली.

"काय काय लिहू?" तिने विचारलं.

नाना खुर्चीतून उठले. उठले म्हणजे कसे, तर पेपराची घडी घातली, सदऱ्याची वरची गुंडी लावली, खिशात पेन आहे ना बघितलं. तिने त्यांना इतकं ताठ चालताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पण तिला ते कौतुकाने बघायला सवड नव्हती.

"कॉम्प्युटर तीन," ती म्हणाली.

"बघितले का?"

"नाना, समोर तर आहेत!"

"मोजून लिही. हात लावून."

तिने हात लावून तीन मोजले. मग कीबोर्ड तीन, माऊस तीन, तारा किती, प्लग किती. दुसऱ्या कीबोर्डाचं एक बटण नानांनी अंगठ्याने हलवून पाहिलं. "हे ढिलं आहे. शेरा लिही, नाही तर उद्या म्हणशील नानांनी ढिलं केलं." तिने शेरा लिहिला. प्रिंटर एक, बंद अवस्थेत. कूलर एक, पाणी गळतं. स्टुलं सहा, पैकी एक डुगडुगतं. घड्याळात एक वाजून गेला. मंगलाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली आणि दोनदा नानांनी "व्हेरिफिकेशन चालू आहे" असं उत्तर दिलं. अरुंधतीच्या नाकी नऊ आले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नानांची नजर वळली तेव्हा ती ओरडली, "ते नाही लिहिणार हं मी!" आणि नवल म्हणजे नाना म्हणाले, "नको. ते स्टोअरचं सामान नाही."

साक्षीदार दोन लागत होते. एक मंगलाबाई. दुसरे रामभाऊ, समोरचे शेजारी, मिलमध्येच विणाई खात्यात होते आणि रोज दुपारी नानांचा पेपर न्यायला येत. त्यांना दारातच धरून आणलं.

"सही? कसली सही?" रामभाऊंनी कागद लांब धरून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! बेटा, तू नशीबवान आहेस. यांनी आम्हाला बिना साइन के सुई पण नाही दिली कधी. मॅनेजर दारात उभा राहून बोंबलायचा, मशीन रुका पडा है, नी हे म्हणायचे, स्लिप लाओ भिया."

"सही करा हो काका," अरुंधती दातांवर दात दाबून म्हणाली. "पावणेतीन झालेत."

सगळ्यांच्या सह्या झाल्या. मग नाना आतल्या खोलीत गेले, लोखंडी कपाट उघडलं. त्यात वरच्या कप्प्यात एक खाकी कापडाची जाडजूड थैली होती. ती कपाटात कायमच असे, आणि तिच्याकडे घरात कोणी बघतही नसे. नानांनी ती बाजूला सरकवली आणि मागून एक पाकीट काढलं. पाकिटाला लाख लावलेली होती. लाखेवर शिक्का होता. एका पासवर्डला!

"फोड," नाना म्हणाले. "घेणाऱ्याने फोडायचं."

चिठ्ठीवर दोन ओळी होत्या, एक रूटची, एक मागच्या दाराची. काय होत्या ते इथे लिहीत नाही, नानांना आवडणार नाही. अरुंधतीच्या त्रेपन्न शब्दांपैकी एकही त्यांच्या जवळपास गेला नव्हता एवढं सांगायला हरकत नाही. तिने रूट लिहिलं, खाली पासवर्ड टाकला. यंत्र नेहमीसारखं दोन क्षण थांबलं आणि मग निमूटपणे उघडलं. तिचा श्वास इतक्या जोरात सुटला की रामभाऊंनी पेपरातून मान वर केली.

ती प्रिंटर जोडायला लागणार एवढ्यात नाना म्हणाले, "आधी बदल."

"काय?"

"कुलूप. चार्ज घेतला की घेणाऱ्याने कुलूप बदलायचं. जुनी किल्ली दुसऱ्याजवळ असली तर तो चार्ज कसला?"

"नाना, तीन वाजले!"

"दोन मिनिटाचं काम आहे. देवेंद्रने केलेलं मी पाहिलंय."

ती ज्या वेगाने टाइप करायला शिकली होती त्या वेगाने तिने तिन्ही यंत्रांतले दोन्ही पासवर्ड बदलले. ती टाइप करत असताना नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. रामभाऊंनाही त्यांनी खांद्याला धरून वळवलं होतं.

"झालं?"

"झालं."

"आता मला येत नाही ना आत?"

"नाही."

"बघू." ते खुर्चीत बसले, तिला रूटमधून बाहेर पडायला लावलं, आणि एका बोटाने आपला जुना पासवर्ड टाकला. यंत्राने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा नाही. अरुंधतीला वाटलं, आता वाईट वाटून घेतील, आणि आता तेवढंच राहिलं होतं. पण नाना हसले. अगदी मोकळं, दात दिसेपर्यंत. "नाही म्हणतंय," ते रामभाऊंना म्हणाले. "मला नाही म्हणतंय! पक्कं आहे."

प्रिंटर साडेतीनला जोडला गेला. पहिला कागद अडकला, दुसरा वाकडा आला, तिसरा नीट छापून निघाला.

मंडळाचे मंडलोईजी सव्वाचारला स्कूटरवरून घामाघूम होऊन आले. पन्हं प्यायले. मग म्हणाले, "हाँ मॅडम, दिखाइए," आणि हाताची घडी घालून मागे उभे राहिले. अरुंधतीने रूट म्हणून आत शिरून एकामागून एक दहा खाती उघडली. बोटं आपोआप चालली, तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. एक पान छापून दाखवलं. मंडलोईजींनी कागद उजेडाला धरला, तिन्ही यंत्रं बघितली, आणि फॉर्म भरायला घेतला. एका रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"सिस्टम एडमिनिस्ट्रेटर किसका नाम लिखूँ?" त्यांनी खिडकीतल्या नानांकडे पाहिलं. वयाने मोठा पुरुष घरात असताना दुसरं कोणाचं लिहावं हे त्यांना सुचलं नसावं. "बाबूजी का?"

"नहीं," नाना म्हणाले. "मैं चार्ज दे चुका हूँ. इनका लिखिए. अरुंधती पागनीस." आणि यादीची कार्बन प्रत त्यांच्यापुढे धरली.

मंडलोईजींनी ती डुगडुगत्या स्टुलापर्यंत वाचली. "ऐसा तो मैंने किसी सेंटर में नहीं देखा," ते म्हणाले, प्रत फॉर्मला टाचली आणि खाली लिहिलं, मान्यतेची शिफारस आहे.

स्कूटरचा आवाज गल्लीबाहेर गेला तशी अरुंधती मटकन खाली बसली. सकाळचा राग इतका वेळ तिला उभं धरून होता, तो आता ओसरला. सत्तावीस मुलं. जून. खोली राहणार. मंगलाबाई आतून चहा घेऊन आल्या. रामभाऊ पेपर काखेत घालून निघाले होते, त्यांना नाना म्हणाले, "जरा थांबा. अजून एक सही लागेल."

नाना आत गेले आणि ती खाकी थैली घेऊन आले. ती टेबलावर ठेवताना जड आवाज झाला. तिच्यात किल्ल्या होत्या, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर बांधलेला. थैलीतूनच त्यांनी घडी पडून पिवळे झालेले चार कागद काढले, दोन मूळ आणि दोन त्यांची कार्बन प्रत.

"अरु, तू आज चार्ज घेतलास ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता. "चांगला घेतलास. तो हा पण घेशील का?"

मिलच्या स्टोअरच्या किल्ल्यांची ती यादी होती. इंग्रजीत टाइप केलेली, आणि त्यातला प्रत्येक 'ई' ओळीच्या किंचित वर उडालेला. ते मशीन तिने लगेच ओळखलं, तिच्या क्लासमधलं तिसरं. ही यादी ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनेच टाइप केली होती. नाना म्हणाले होते, घाईचं आहे, आजच पाहिजे, आणि तिने विद्यार्थ्यांना थांबवून वीस मिनिटांत ती करून दिली होती आणि विसरून गेली होती. शेवटच्या पानावर देणाऱ्यापुढे नानांची सही होती, तारखेसकट. घेणाऱ्यापुढे नुसती रेघ होती.

"कोणी घेतलाच नाही?" तिने विचारलं.

"गेटवर जायचो ना मी. दर सोमवारी. दीड वर्षं गेलो." नाना किल्ल्यांकडे बघत म्हणाले. "ऑफिसातले म्हणायचे, साहेब येतील. साहेब नाही आले. मग कोर्टाचा माणूस आला, त्याने बाहेरून आपलं कुलूप ठोकलं नी गेला. आतल्या किल्ल्यांचं विचारलं पण नाही त्याने. आता उद्या कोणी दारात आलं नी म्हणालं, पागनीस, किल्ल्या कुठे आहेत? तो मी घरात पाहिजे ना."

मिलचं स्टोअर आता धड उरलं नव्हतं. पत्रे गेले, खिडक्या गेल्या, भिंतीला पिंपळ आला, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होतं, नानांनाही दिसत असणार. ज्या कुलपांच्या या किल्ल्या, ती कुलपं केव्हाच कोणीतरी तोडून विकली असतील. हे सगळं अरुंधतीच्या ओठांवर आलं होतं.

"पण नाना, मी मिलची कोण?" एवढंच ती म्हणाली.

"कोणीच नाही," नाना म्हणाले. "पण जे होते ते आले नाहीत."

तिने चहाचा कप बाजूला सरकवला, थैली टेबलावर ओतली आणि मोजायला सुरुवात केली. हात लावून. नंबर वाचायचा, यादीत बघायचा, टिंब करायचं, किल्ली थैलीत टाकायची. सकाळी तीन माऊस मोजताना तिचा जीव जात होता, आणि आता चौऱ्याण्णव किल्ल्या मोजताना तिने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. अठ्ठ्याऐंशी नंबरची किल्ली गंजून दुसरीला चिकटली होती. नाना काही म्हणायच्या आतच तिने शेरा लिहिला. रामभाऊ मधेच चष्मा काढून पुसत बसले, आणि पुसून झाल्यावरही त्यांनी तो बराच वेळ लावला नाही.

चौऱ्याण्णव भरल्या. तिने रेघेवर सही केली, खाली तारीख घातली, आणि साक्षीदारांपुढे कागद सरकवला. मग एक प्रत नानांना दिली. नानांनी ती दोनदा वाचली, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा थोपटला. लोखंडी कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली होती, ती सोडून त्यांनी टेबलावर ठेवली.

"थैली तिथेच राहू दे, नाही तर हलव, तुझं तू बघ," ते म्हणाले.

मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी गार झालेला चहा एका दमात संपवला आणि म्हणाले, "मंगला, देवेंद्रकडे जायला कोणती गाडी बरी पडते?"

मंगलाबाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"आणि गुडघ्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याला काय झालंय?" नाना म्हणाले.